तांबी काढायला गेलेल्या मंदाताई

डॉ. मंदाकिनीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते बोईसरला, मोटर वाइंडिंगच्या एका दुकानाच्या माडीवर. पालघर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. ताई मुंबईतल्या मोठ्या संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्या होत्या आणि निवृत्तीनंतर माणसं जिथे हवा खायला जातात ती सगळी ठिकाणं सोडून त्यांनी कारखान्यांच्या धुरातली बोईसरची हवा निवडली होती. दुकानात खाली दिवसभर तांब्याची तार गुंडाळली जायची आणि वर माडीवर तांबीवर संशोधन चालायचं. तांबी म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ते छोटं साधन. शिकलेली माणसं त्याला कॉपर-टी म्हणतात, आमच्याकडच्या बायका तांबीच म्हणतात.

मी जवळच्या उमरोळी गावची सून. बालवाडीत शिकवत होते, ती बालवाडी बंद पडली होती, आणि गावोगाव फिरून बायकांशी बोलायला ताईंना माणसं हवी होती. मुलाखतीत त्या माझं शिक्षण विचारतील, अनुभव विचारतील, या तयारीने मी गेले. त्यांनी विचारलं, "सुजाता, मूल नको असेल तर लोक काय काय वापरतात? सांगा बरं."

"एक गोळ्या," मी म्हटलं. "मग तांबी. मग ऑपरेशन. आणि पुरुषांचं ते."

"ते म्हणजे?"

"ते हो, ताई. ते असतं ना, ते."

"मेडिकलच्या दुकानात जाऊन 'ते' मागितलंत तर तो खोकल्याचं औषध देईल. नाव घ्या."

मी नाव घेतलं. माझं मलाच ऐकू आलं नाही. ताई म्हणाल्या, "मला नका सांगू. त्या खिडकीत उभ्या राहा आणि रस्त्याला सांगा."

घरी नोकरीची गरज होती. मी डोळे मिटले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "निरोध!" खालून वाइंडिंगवाल्या कारागिराने मान वर केली आणि अगदी सौजन्याने सांगितलं, "यहाँ नहीं मिलता, दीदी. सामने मेडिकल में पूछिए."

नोकरी मला तिथेच मिळाली. ताई हसून हसून खुर्चीला टेकल्या होत्या. मग डोळे पुसत त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला सांगत आले आहे. त्या म्हणाल्या, "ज्याचं नाव घेता येत नाही, त्याचा त्रासही बाईला सांगता येत नाही. आधी आपली जीभ मोकळी करायची, मग तिची होते."

या गौरवग्रंथात ताईंच्या शोधनिबंधांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. प्रजनन आरोग्य आणि गर्भनिरोधन या विषयात त्यांचं स्थान काय, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. मी त्यांच्यामागे छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन चाललेली बाई. तेवढ्या चालण्यात जे दिसलं ते इथे सांगते.

जीभ मोकळी झाली खरी, पण घराबाहेर. घरी सासूबाईंना मी एवढंच सांगितलं होतं की लोकसंख्येचं काम आहे. त्यांनी त्याचा अर्थ जनगणना असा घेतला आणि सगळ्या उमरोळीला सांगून टाकलं की सून सरकारात मोजायला लागली. लोक माझ्याकडे रेशनकार्डातली नावं दुरुस्त करायला येऊ लागले. एका दूरच्या मामांनी तर आपलं वय कमी लिहिण्याची विनंती केली, कारण त्यांचं दुसरं लग्न जमत होतं.

हे फार दिवस टिकणार नव्हतं. मुरबे या किनाऱ्यावरच्या गावातल्या कोणा बाईने बाजारात सासूबाईंना गाठून विचारलं की तुमची सून ती पाळीबिळीचं विचारत फिरते तीच का. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ताईंना म्हटलं, "उद्यापासून मी येत नाही." त्यांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि संध्याकाळी काही न कळवता आमच्या ओटीवर येऊन बसल्या.

सासूबाईंनी थेट विचारलं, "तुम्ही माझ्या सुनेला नक्की कसल्या कामाला लावलंय?"

"बायकांना मुलं किती हवीत, कधी हवीत, नको असतील तर त्या काय करतात आणि त्यात त्यांना काय त्रास होतो, हे विचारायच्या कामाला," ताईंनी एका दमात सांगितलं.

सासूबाईंनी ताईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मला म्हणाल्या, "चहा टाक. आलं घाल." मी चहा घेऊन बाहेर आले तर सासूबाई डोळ्याला पदर लावून बोलत होत्या आणि ताई ऐकत होत्या. मला पाहताच दोघी थांबल्या. सासूबाईंनी मला पुन्हा आत पाठवलं, बिस्किटं आणायला. बिस्किटं समोरच होती.

जाताना त्यांनी ताईंना वाडीतले चिकू दिले आणि मला सांगितलं, "उद्या वेळेवर जा." त्या दोघी काय बोलल्या ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा मी ताईंना खोदून विचारलं. ताई म्हणाल्या, "मुलाखत देणाऱ्या बाईची माहिती तिच्या सुनेला देता येत नाही. नियम आहे."

ताई सगळंच बिनचूक करत असं कोणी समजू नये. त्यांचं हिंदी हा आमच्या कार्यालयाचा राखीव करमणुकीचा साठा होता. सालवडला कामगारांच्या खोल्यांपुढे आम्ही पुरुषांची एक सभा घेतली. कारखान्यातली पाळी सुटून आलेले, दमलेले लोक होते. ताईंनी कळकळीने विचारलं, "भाईसाब, आप लोग निरोध क्यों नहीं वापरते?" सभेत कुजबुज सुरू झाली. शेवटी एक वयस्कर कामगार उभा राहिला, हात जोडून म्हणाला, "मैडम, इस्तेमाल करने के बाद वापस कौन लेगा?"

त्या सभेइतकी मोकळी सभा आम्हाला पुन्हा मिळाली नाही. इतकं हसल्यावर लाजायला कोणी उरलंच नव्हतं. लोकांनी विचारायचं ते सगळं विचारलं आणि ताईंनी त्याच हिंदीत सगळं सांगितलं.

पण ताईंची ओळख ज्यात पुरी दिसते ती हकिगत मुरब्याची. तीच मला सविस्तर सांगायची आहे.

बायका गर्भनिरोधाची साधनं मधेच का सोडतात, असा त्या वेळचा आमचा अभ्यास होता. मुरब्याच्या एका गल्लीत आम्ही शिरत होतो, तेवढ्यात डोक्यावर माशांची टोपली घेतलेली एक बाई आडवी आली. टोपली खाली ठेवून तिने रस्ताच अडवला. या नर्मदाबाई. बाजारात मासे विकणाऱ्या. त्यांचा आवाज पुढच्या सगळ्या बोलण्यात समुद्रापलीकडे जाईल इतका होता, हे वाचकांनी धरून चालावं.

"तुमीच का ती तांबीवाली बाय?"

"माझं नाव मंदाकिनी," ताई म्हणाल्या. "पण हो, तीच."

"मंग काडा."

"काय काढू?"

"माज्या सुनंची तांबी! बसवली तुमी, काडा पन तुमीच."

"अहो, मी नाही बसवली. मी संशोधन करते."

"मंजे काय करता?"

"बायकांना विचारते, काय त्रास होतो ते."

"बरं. विचारून?"

"लिहून घेते."

"लिवून?"

"छापते. सरकारकडे पाठवते."

"आनि तवर माज्या सुनंनी काय करावा? छापून येईस्तोवर रगत धरून ठेवावा?"

ताईंनी हातातली प्रश्नावली मिटून पिशवीत टाकली.

सून जयश्री दाराआड उभी होती. चेहरा पांढरा पडलेला, चौकट धरून उभी. दुसऱ्या बाळंतपणानंतर दवाखान्यातच तिला तांबी बसवली होती. कोणीतरी काहीतरी विचारलं होतं, ग्लानीत तिने हो म्हटलं होतं. तेव्हापासून पाळी आली की थांबायचं नाव घेत नव्हती. टोपली उचलणं तर सोडाच, तिला हंडासुद्धा उचलवत नव्हता. आरोग्य केंद्रात गेली तर सांगितलं, सवय होईल. पुन्हा गेली तर म्हणाले, इतक्यात काढत नाहीत. नवरा महेंद्र बोटीवर. घरात रोज रडारड.

ताईंनी तिची नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाल्या, "चला."

"कुटं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"काढायला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गावांत फिरायची आमची परवानगी त्याच आठवड्यात संपत होती. ती वाढवून मिळायला शिफारस लागणार होती ती त्याच आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांची. मी रिक्षात ताईंच्या कानाशी हे पुटपुटले. ताई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे," आणि बाहेर बघत बसल्या. नर्मदाबाईंनी टोपली घरी ठेवायला साफ नकार दिला होता, मासे ताजे होते आणि बाजार चुकत होता. त्यामुळे रिक्षात आम्ही चौघी आणि मांडीवर बोंबील असा प्रवास झाला.

डॉक्टरसाहेब ताईंना पाहून उभे राहिले. कशासाठी आल्या ते कळल्यावर बसले. "मॅडम, तुम्ही आयुष्यभर तांबीचा प्रचार केलात. आणि आज काढायला आलात? लोक काय म्हणतील?"

"मी कधीच प्रचार केला नाही, डॉक्टर," ताई म्हणाल्या. "बाईला हवी असेल तर तांबी मिळावी, एवढंच म्हणत आले. नको असेल तर ती निघावी, हे त्याच वाक्यात येतं."

"पण इतक्या बायकांना तांबी बसवायची, असं आमचं उद्दिष्ट असतं. वरून विचारणा होते. एकीची काढली की दहा जणी रांग लावतील. आणि तुमच्या परवानगीचा विषयही माझ्याकडेच आहे, हे तुम्ही जाणताच."

"जाणते," ताई म्हणाल्या आणि समोरच्या बाकावर ऐसपैस बसल्या. जयश्रीला शेजारी बसवलं. नर्मदाबाईंनी टोपली साहेबांच्या टेबलाला लागून, बरोबर पंख्याखाली ठेवली आणि बोंबलांवरचं ओलं फडकं बाजूला केलं. त्यांना वारा लागावा म्हणून, असं त्यांनी सांगितलं.

पंखा जोरात होता. थोड्याच वेळात औषधं घ्यायला आलेली रांग दारापाशी सरकली. कंपाउंडर कामाचं निमित्त काढून बाहेर गेला. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, खिडकी उघडली, पुन्हा येऊन बसले. शेवटी ओरडले, "ती आधी काढा इथून!"

"काढूया की," ताई शांतपणे म्हणाल्या. "तांबी ना?"

"टोपली! टोपली काढा!"

"दोन्ही काढूया. आधी तांबी."

साहेबांनी नर्सबाईंना हाक मारली. नर्सबाई दारातच होत्या आणि त्यांनी हातमोजे आधीच घातलेले होते.

काम झालं. ताईंनी जयश्रीचं रक्त तपासून घेतलं, लोहाच्या गोळ्या मिळवल्या, त्या कशा घ्यायच्या ते नीट समजावलं. तांबी चांगलीच आहे, पुष्कळ जणींना मानवते, तुला मानवली नाही, हेही सांगितलं. मग मूल नको असेल तर दुसरं काय काय वापरता येतं ते सांगून विचारलं, "यातलं तुला काय हवं?"

जयश्री पहिल्यांदाच बोलली. "आता कायच नको. इचार करून सांगीन."

"छान," ताई म्हणाल्या. जन्मभर गर्भनिरोधनावर काम केलेल्या बाईने 'कायच नको' या उत्तराला छान म्हणावं, हे मला तेव्हा अजबच वाटलं होतं.

परत येताना त्यांनी पिशवीतली प्रश्नावली पुन्हा काढली. मग एकदम म्हणाल्या, "सुजाता, 'साधन सोडणाऱ्या स्त्रिया' असा रकाना मी इतकी वर्षं भरत आले. या मुलीला सोडायचं होतं आणि कोणी सोडू देत नव्हतं. तिला मी कुठल्या रकान्यात घालू?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची सगळी प्रश्नावली बदलून टाकली. आता बाईला पहिला प्रश्न असा होता: तुम्ही त्रास सांगितलात तेव्हा समोरचं माणूस काय म्हणालं?

पण तो प्रश्न विचारायला गावात जायचं कसं? शिफारस अर्थातच गेली नाही. परवानगी संपली. काम ठप्प झालं. आम्ही मुली माडीवर बसून एकमेकींची तोंडं पाहू लागलो, दुसरीकडे नोकरी शोधू लागलो. ताईंच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा अभ्यास होता आणि तो अर्ध्यावर पडला होता. त्यांना झोप लागत नसे, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसे. तोंडाने मात्र त्या एवढंच म्हणत, "काढली ते बरं केलं."

आणि मग बायकाच येऊ लागल्या. आम्हाला गावात जायची मनाई होती, बायकांना बोईसरला यायची नव्हती. मुरब्यातून आल्या, मग शेजारच्या गावांतून. जिना चढून दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "ऐकून घेनारी बाय हितंच बसते ना?" कोणाला तांबी काढायची होती, कोणाला बसवायची होती, कोणाला गोळ्यांनी मळमळत होतं, आणि एकीला नवऱ्याला काय सांगायचं तेवढंच विचारायचं होतं. खालच्या कारागिराने त्यांच्यासाठी माडीवर, जिन्याच्या तोंडाशी एक बाकडं टाकलं.

काही महिन्यांनी परवानगी अचानक परत मिळाली. कशी, ते कागदोपत्री कुठेच नाही. आम्हाला एवढंच माहीत आहे की नर्मदाबाई पालघरला पुष्कळ साहेबांच्या घरी मासे देत असत, आणि पापलेट साफ करता करता त्यांनी जयश्रीची कथा प्रत्येक स्वयंपाकघरात संपूर्ण सांगितली होती, त्याच आवाजात. मी ताईंना म्हटलं, "परवानगी नर्मदाबाईंनी आणली." ताई म्हणाल्या, "पुरावा नाही. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, याला फार तर सहसंबंध म्हणता येईल." आणि नर्मदाबाईंकडून त्यांनी त्या दिवशी सुरमई घेतली, त्यांना स्वतःला मासे साफ करता येत नसताना.

तो अभ्यास पुरा झाला. बायका साधनं सोडतात त्यामागे त्यांचं अज्ञान फार थोडं असतं, त्रास सांगितल्यावर त्यांचं कोणी ऐकत नाही हे खरं कारण असतं, असं ताईंनी त्यात मांडलं. आज आमच्या भागातल्या अनेक नर्सबाई तांबी बसवतानाच सांगतात, "नको वाटली तर या, काढून देऊ." तेच डॉक्टरसाहेब पुढे ताईंच्या प्रशिक्षणाला आले आणि पहिल्या रांगेत बसले. खिडकीजवळ.

जयश्रीने विचार करून सांगितलं ते पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर. त्या दोघी सासूसुना आणि महेंद्र, असे तिघे माडीवर आले. मासेमारी बंद असण्याच्या दिवसांत महेंद्र घरी होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "पुरुषांचा ऑपरेशन असते ना, बिनटाक्याचा, ते मी करतो."

नर्मदाबाई उसळल्याच. "माज्या पोराला हात नाय लावायचा! त्याला जाळी ओडायची हायत!"

 बाकावर अजून चार-पाच बायका बसल्या होत्या, त्या कान देऊन ऐकत होत्या. महेंद्र उठला, आईपुढे उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आये, हिनी किती सोसला ते तू बगितला ना? आता पाळी माजी!"

 मग बाकावरची एक बाई फिसकन हसली आणि सगळी माडी हसायला लागली. आपण काय बोललो ते महेंद्रच्या लक्षात आलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. नर्मदाबाई शेवटपर्यंत हसायचं नाही असं ठरवून बसल्या होत्या, पण त्यांनाही हसू फुटलं. ताईंनी त्याला सगळं समजावलं, ताकद कमी होत नाही, काही दिवस ओझं उचलायचं नाही, आणि पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं. जयश्री पूर्ण वेळ नवऱ्याकडे बघत होती. लग्नात जसं बघितलं नसेल तसं.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गौरवग्रंथाची कल्पना सांगितली तेव्हा, "माझ्यावर कागद कशाला घालवता," असं म्हणून त्या तिसऱ्याच विषयावर बोलू लागल्या. पाळी गेल्यानंतरच्या बायकांना कोणी काही विचारत नाही, म्हणून त्यांनी नवा अभ्यास काढला आहे. त्यासाठी गेल्या महिन्यात आम्ही डोंगराकडच्या एका पाड्यावर गेलो. चढ मोठा होता. मी ताईंना तीनदा परत फिरूया म्हटलं, त्यांनी तिन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं.

वर एक म्हातारी झोपडीपुढे नाचणी निवडत होती. धापा टाकणाऱ्या ताईंकडे पाहून तिने विचारलं, "तुजा वय काय गो, बाय?"

"पंचाहत्तर."

"मंग घरी बस ना. कशाला डोंगर चडते?"

ताई म्हणाल्या, "मी घरी बसले तर तुला कोण विचारणार?"

"काय विचारनार?"

"तुला कसं वाटतं ते. कुठे दुखतं ते."

म्हातारीचे हात सुपात थांबले. तिने ताईंकडे नीट पाहिलं, थट्टा आहे का ते तपासल्यासारखं. मग शेजारचं पोतं झटकून जमिनीवर अंथरलं आणि म्हणाली, "आता परेंत कोनी नाय विचारला. बस. विचार."

ताई बसल्या. दुपार कलली तरी त्या दोघी बोलत होत्या.

ताई, तुमच्या असंख्य सहकाऱ्यांच्या वतीने मागणं एवढंच आहे. तुमचे गुडघे असेच हट्टी राहोत, तुमचं हिंदी कधीही न सुधारो, आणि तुमचे कान पुष्कळ, पुष्कळ वर्षं शाबूत राहोत. अजून बऱ्याच दारांत पोतं अंथरायचं राहिलं आहे.